दोघी सुखरूप

तार आली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. तारीख १९ मार्च १९९१. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बँकेत अधिकारी होतो. काउंटरवरची गर्दी ओसरली होती, रोख मोजणं चाललं होतं. तारवाल्यानं लिफाफा हातात दिला आणि शाखेतले सगळेजण हातातलं काम थांबवून माझ्या तोंडाकडे बघू लागले. तार म्हटलं की त्या काळी माणसं अशीच बघायची. लिफाफा फोडला. आत चार शब्द होते : ‘कन्या झाली. दोघी सुखरूप.’

शिपायानं पेढे आणले. समोर उभ्या असलेल्या खातेदारांनाही वाटले. शाखाधिकाऱ्यांनी पाठ थोपटली आणि म्हणाले, “क्लोजिंग आटोपलं की निवांत जा.” ३१ मार्च १२ दिवसांवर आला होता. वर्षाचा हिशेब अर्धा टाकून अधिकारी बाळंतपणासाठी रजेवर गेला, असं तेव्हा कुणी ऐकलं नव्हतं. मलाही ते विचारावंसं वाटलं नाही. तारेची घडी करून खिशात ठेवली आणि पुन्हा लेजरमध्ये डोकं घातलं. दोघी सुखरूप होत्या, मग घाई कसली?

कऱ्हाडला, पत्नीच्या माहेरी, मी पोचलो तो ४ एप्रिलला. बारसं होऊन गेलं होतं. अंधाऱ्या बाळंतिणीच्या खोलीत धुरीचा वास भरून राहिला होता. मी दोन दिवस राहिलो. मुलीला चार-पाच वेळा मांडीवर घेतलं. तिच्या मानेखाली हात कसा धरायचा हे जमेपर्यंत परतीच्या एसटीची वेळ झाली. पत्नी थोडी गप्प वाटली, पण बाळंतीण म्हणजे थकलेली असणारच, असं मनाशी म्हणून मी निघालो.

ही हकीकत पुढची ३३ वर्षं मी मोठ्या कौतुकानं सांगत आलो. ती तारही माझ्याकडे जपून ठेवलेली आहे. २०१३ च्या जुलैत तार खातं बंद झालं, तेव्हा ती काढून चारचौघांना दाखवलीही. त्या तारेतला चौथा शब्द किती घाईनं लिहिला गेला होता, ते मला २०२४ च्या श्रावणात कळलं.

पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजाप्रमाणे आमची लेक साताऱ्याला आली होती. घरात तयारी जय्यत. माळ्यावरचा पाळणा उतरवून धुऊन-पुसून झाला. पत्नीच्या जुन्या सुती साड्यांची दुपटी झाली, माझ्या वडिलांच्या धोतरांचे लंगोट झाले. डिंकाचे लाडू, हळिवाचे लाडू, खारका, बडीशेप, बाळंतशोपा. स्वयंपाकघरात डब्यांची रांग लागली. मी निवृत्त माणूस. पिशवी घेऊन वाण्याकडे पळणं एवढंच माझं काम.

नात झाली. जावयांनी रुग्णालयातून फोनवर निरोप धाडला, ‘मुलगी झाली. दोघी छान.’ पाठोपाठ छायाचित्रं. मी मोजली, ती ४१ भरली. बाळाच्या मुठी, बाळाचे तळवे, बाळाची जांभई, आत्याच्या हातात बाळ, आजीच्या मांडीवर बाळ. लेक त्यांतल्या एकात होती, तीही कोपऱ्यात, अर्धी. तेव्हा हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. नंतर आलं म्हणून सांगतो.

तिसऱ्या दिवशी दोघी घरी आल्या आणि पहिल्या रात्रीच आमची सगळी जय्यत तयारी उघडी पडली. रुग्णालयात बटण दाबलं की परिचारिका यायची. इथे दोन वाजता बाळ रडू लागलं आणि घरातली चार शहाणी माणसं एकमेकांकडे बघत उभी राहिली. लेकीला टाके दुखत होते, नीट बसता येत नव्हतं. बाळाला धड पकडून ओढता येत नव्हतं. कुणी म्हणालं पोट दुखत असेल, कुणी म्हणालं दृष्ट लागली असेल. जावयांनी फोनवर काहीतरी वाचून दाखवायला सुरुवात केली, तेव्हा लेक म्हणाली, “आता कुणी काही बोलू नका.” बाहेर साताऱ्याचा पाऊस. दुपटी वाळेनात. घरभर दोऱ्या बांधल्या होत्या आणि त्यांखालून वाकून चालताना आम्ही सगळे कुणालातरी नमस्कार करत फिरतोय असं दिसत होतं.

पाचव्या दिवशी तपासणीला गेलो. बाळाचं जन्मवजन २ किलो ९०० ग्रॅम होतं, ते २ किलो ७०० भरलं. लेकीचे डोळे भरून आले. बालरोगतज्ज्ञ बाई शांतपणे म्हणाल्या, की पहिल्या काही दिवसांत बहुतेक बाळांचं वजन थोडं उतरतं, शेकडा सात ते दहापर्यंत उतरलं तरी सहसा घाबरायचं कारण नसतं, आणि साधारण दोन आठवड्यांत ते भरून येतं. मग त्यांनी विचारलं, “चोवीस तासांत किती वेळा पाजता? शू किती वेळा होते?” आम्ही पुन्हा एकमेकांकडे बघू लागलो. कुणी म्हणालं सहा, कुणी म्हणालं दहा. त्या म्हणाल्या, “आठ ते बारा वेळा पाजायला हवं. आणि आता यापुढे दिवसाला निदान सहा दुपटी ओली झाली, म्हणजे दूध पुरतंय असं समजा. मोजत चला.”

मोजायचं म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडला. घरात मला येण्यासारखं एक काम निघालं होतं!

त्याच संध्याकाळी पाचवीची पूजा होती. आमच्याकडे पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, अशी समजूत. त्या रात्री घरातलं कुणीतरी जागं राहायचं असतं. तरुणपणी मी या प्रकाराला हसलो आहे. आता हसत नाही. जन्मल्यानंतर महिन्याच्या आत जी बाळं दगावतात, त्यांतली सुमारे तीन चतुर्थांश पहिल्याच आठवड्यात जातात, असं आरोग्यशास्त्र सांगतं. आपल्या आज्या-पणज्यांपाशी आकडे नव्हते, पण कुठल्या रात्री जागं राहायचं हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी पाटावरची ती लेखणी उचलून मी एका वहीत रकाने आखले. वेळ, पाजलं, शू, शी. आयुष्यभर लोकांच्या पैशांच्या नोंदी केल्या, आता नातीच्या दुपट्यांच्या. रात्री ताळा जुळल्याशिवाय घरी जायचं नाही ही बँकेतली जुनी सवय. तीन दिवसांत वही अशी भरली, की मी ती येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवू लागलो.

आणि येणारे-जाणारे खूप होते. माणसं प्रेमानं येतात, झबली-टोपडी आणतात, त्यांच्या प्रेमाबद्दल शंका नाही. पण बाळंतिणीच्या खोलीत बसून जे बोलतात, ते कधीतरी लिहून काढावं. “दूध पुरतं ना गं हिला? रडते फार.” “रंग कुणावर गेलाय?” “टाके पडले? आमच्या वेळी सहज व्हायचं.” “मुलगी का? असू दे, पहिली बेटी धनाची पेटी.” मी बँकेत ३५ वर्षं काढली, पण या पेटीचा उल्लेख सांत्वन म्हणून नेमका का करतात, हे मला अजून उमगलेलं नाही. प्रत्येकजण बाळाला हातात घेई, आणि ते रडू लागलं की आईच्या ओटीत टाकून चहाला बाहेर येई. लेक हसून सगळ्यांना उत्तरं देत होती. माझ्या वहीत त्याची नोंद नव्हती.

नवव्या दिवशी दुपारी मी वही घेऊन खोलीत गेलो. बाळ पाळण्यात रडत होतं. लेक खिडकीशी बसून पावसाकडे बघत होती. तिनं मान वळवली नाही. मी म्हणालो, “अगं, रडतेय ती.” ती म्हणाली, “ऐकू येतंय बाबा.” तिचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. पत्नी धावत आली. तिनं बाळाला उचलून माझ्या हातात दिलं, दार लोटून घेतलं आणि लेकीजवळ बसली. दाराबाहेरून मला तुटक तुटक ऐकू येत होतं. “आई, सगळं छान आहे ना? मग मला रडू का येतंय? हिच्याकडे बघून मला काहीच वाटत नाही गं. मी वाईट आहे का?”

त्या रात्री नातीला मांडीवर घेऊन पत्नी ओट्याशी बसली होती. मी वही भरत होतो. ती एकदम म्हणाली, “अहो, तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. तेहेतीस वर्षं राहिलंय.”

१९९१ च्या मार्चमधली, बाळंतपणानंतरची आठवी की नववी रात्र. कऱ्हाडचं घर माणसांनी भरलेलं. “खोलीत माणूस नाही अशी वेळच नव्हती हो. पण जो यायचा तो बाळाला बघायला यायचा. आठ दिवसांत मी सलग दोन तास झोपले नव्हते. त्या रात्री बाळ झोपलं आणि मी उठून परसात गेले. आडाच्या कट्ट्यावर बसले. जीव द्यायचा वगैरे काही मनात नव्हतं. मनात काहीच नव्हतं. फक्त त्या खोलीत परत जायचं नव्हतं.”

किती वेळ बसली ते तिला आठवत नाही. तिच्या आत्याबाई, तरुणपणीच विधवा होऊन माहेरी राहिलेल्या, त्या उठल्या आणि त्यांनी तिला पाहिलं. ओरडल्या नाहीत, कुणाला हाका मारल्या नाहीत. शेजारी येऊन बसल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, “आजपासून रात्रीचं बाळ माझं. पाजायला तेवढं उठवीन.” आणि त्या रात्रीपासून पुढे महिनाभर त्या बाळाला घेऊन बसल्या. ही गोष्ट त्यांनी मरेपर्यंत कुणाला सांगितली नाही.

मी विचारलं, “मला का सांगितलं नाहीस?” ती म्हणाली, “तुम्ही आलात तेव्हा खिशातून तार काढून सगळ्यांना वाचून दाखवत होतात.”

यावर बोलण्यासारखं माझ्यापाशी काही नव्हतं. तिनं माझ्या हातातली वही घेतली, चार रकान्यांच्या पुढे आणखी एक रकाना आखला आणि वर लिहिलं : ‘आई किती झोपली’. मग त्या दिवसाच्या ओळीत आकडा टाकला. ‘दोन तास, तुकड्या-तुकड्यांनी.’

बँकेत एक प्रकार असतो. ताळा जुळत नसला, फरक कुठला ते सापडत नसलं, की ती रक्कम तात्पुरती सस्पेन्स खात्यात टाकतात. नियम असा, की ती लवकर शोधून काढायची. पण शाखा तपासायला येणारे अधिकारी सांगतील, तिथे वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या रकमा असतात. घरोघरच्या बाळंतिणींची झोप, भीती, रडू आपण असंच कुठेतरी टाकून ठेवतो. वरून ताळा जुळलेला दिसतो.

दुसऱ्या दिवशी लेकीला घेऊन तिच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी तिला एकटीला आत घेतलं, दहा प्रश्नांचा एक कागद भरायला दिला. १९८७ साली एडिंबरो इथे तयार झालेली ही प्रश्नावली आता जगभर वापरतात. अवघड असं त्यात काही नाही. गेल्या सात दिवसांत हसू येत होतं का, विनाकारण भीती वाटली का, झोप लागली का, स्वतःला इजा करावीशी वाटली का, अशा धर्तीचे प्रश्न. बाईंनी आम्हाला नंतर समजावलं. तिसऱ्या-पाचव्या दिवसाच्या सुमाराला बहुतेक बाळंतिणींना असं भरून येतं, शरीरातली संप्रेरकं झपाट्यानं उतरतात, त्यात जागरण. बहुधा दोन आठवड्यांच्या आत ते ओसरतं. ओसरलं नाही, वाढलं, बाळाकडे बघवेनासं झालं किंवा स्वतःच्या वा बाळाच्या जिवाबद्दल नको ते विचार येऊ लागले, तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. मग थांबायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं. रात्री-अपरात्री बोलायला कुणी हवं असेल तर ‘टेलिमानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून सुरू आहे. आणि मग त्या आमच्याकडे वळून म्हणाल्या, “तोपर्यंत औषध एकच. हिला सलग चार तास झोपू द्या. ते तुम्हालाच करायचंय.”

आम्ही ते केलं. जावयांनी रजा वाढवून घेतली. रात्री दहा ते दोन बाळ त्यांच्याकडे, दोन ते सहा आजीकडे. पाजायला तेवढं उठवायचं. ढेकर काढणं, दुपटं बदलणं, थोपटणं बाकीच्यांचं. दिवसा दार माझ्याकडे. शाखेत वशिल्याचे लोक थोपवण्याचा अनुभव होता, तो कामाला आला. “बाळाला चार दिवसांनी बघा, आज आईला झोप लागलीय,” असं सांगून मी चहा पाजून माणसं परत पाठवू लागलो. दोघं रुसले. बाकीच्यांना पटलं. एक शेजारीण मात्र दुसऱ्या दिवशी भाजी-भाकरीचा डबा दारातच देऊन गेली. आत येते म्हणाली नाही. बाराव्या दिवशी रकान्यात पाच तासांचा आकडा पडला. पंधराव्या दिवशी बाळ जन्मवजनाच्या वर गेलं. त्याच्या एक-दोन दिवसांनी सकाळी खोलीतून लेकीच्या बोलण्याचा आवाज आला. ती बाळाशी भांडत होती. “एवढी काय गं तुला घाई?” वगैरे. पत्नीनं माझ्याकडे बघितलं आणि गॅसवर चहा ठेवला.

हे सगळं सांगण्याचं कारण, ही गोष्ट आमच्या एका घराची नाही. कल्याणच्या आनंदीबाई जोशी १४ वर्षांच्या असताना बाळंत झाल्या आणि त्यांचं बाळ दहा दिवसांत गेलं, हे आपण शाळेत शिकतो. पुढे १८८६ साली अमेरिकेत त्या डॉक्टर झाल्या, हेही शिकतो. त्यांचा प्रबंध प्रसूतिशास्त्रावर होता, हे फारसं कुणी सांगत नाही. ते दहा दिवस त्या विसरल्या नसाव्यात. आणि गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत काय केलं? गावातल्याच बायकांना शिकवून घराघरांत पाठवलं. बाळ ऊबदार ठेवणं, वजन करणं, श्वास मोजणं, आजार ओळखणं. नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. पुढे त्याच वाटेनं देशभर आशा ताई घरोघर जाऊ लागल्या. रुग्णालयात प्रसूती झाली असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्यांनी यायचं असतं. बेचाळीस दिवस! आपला सव्वा महिना साधारण तिथेच येऊन थांबतो. पहिल्या सहा आठवड्यांत बाईला आणि बाळाला सांभाळा, या एका गोष्टीवर आजीचं आणि डॉक्टरचं एकमत आहे.

मतभेद आहेत ते तपशिलात, आणि तिथे आजीनं थोडं मागे सरायला हवं. बाळंतिणीला विश्रांती, गरम ताजं अन्न, अंगाला मालीश, घरकामातून सुटका, हे ठेवा. बंद खोलीतली शेगडी आणि धुरी सोडा. त्या धुरात इवलीशी फुप्फुसं श्वास घेत असतात. पहिला चीक पिळून टाकायचा, ही समजूत तर कधीच जायला हवी होती; तो बाळाचं पहिलं संरक्षण आहे. मध चाटवू नका, वर्षाच्या आतल्या बाळाला त्यातून गंभीर आजार होऊ शकतो. सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नको, मग गुटी तर दूरच. नाळेला काही लावायचं नाही, कोरडी ठेवायची. डोळ्यांत काजळ नको, नाकाकानात तेल नको. आणि बाळंतिणीचं पाणी तोडू नका. पाजणाऱ्या बाईला तहान लागते, तिला तांब्या भरून द्या.

काही खुणा मात्र अशा, की तिथे सल्लामसलत करत बसायचं नाही. बाळ दूध ओढेनासं झालं, मलूल पडलं, अंग तापलं किंवा गार पडलं, श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त होऊ लागला, छाती आत ओढली जाऊ लागली, झटके आले, तळहात-तळपाय पिवळे दिसू लागले, तर तडक रुग्णालय. आईला भरपूर रक्तस्राव, ताप, असह्य डोकेदुखी, एका पायाला सूज आणि ठणका, तर तेही तसंच. गाडी नसेल तर १०८.

आता पुरुषांविषयी. मी ज्या काळात नोकरी केली, त्या काळात बाप होणं ही पेढे वाटण्याची गोष्ट होती. २०१७ साली कायद्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठीची प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली, हे चांगलं झालं. केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला १५ दिवसांची रजा आहे. पुष्कळ खासगी नोकऱ्यांत मात्र ती साहेबाच्या मर्जीवर असते, आणि मर्जी असली तरी ती मागायला तरुण मुलं संकोचतात. माझ्या जावयांच्या वरिष्ठांनी विचारलं म्हणे, “तुमचं तिथे काय काम?” रात्री दहा ते दोन, एवढंच उत्तर आहे.

आणि ज्यांना रजाच नाही त्यांचं काय? आमच्या जिल्ह्यात हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या येतात. पालात बाळंत झालेली बाई काही दिवसांत पुन्हा फडात दिसते. बाळ उसाच्या सावलीत झोळीत. तिला सव्वा महिना कुणी दिला? कायद्यातले २६ आठवडे तिच्यापर्यंत पोचत नाहीत. टोळी जागा बदलते तेव्हा गावातली आशा ताईही पोचेलच असं नाही. आपण घराघरांत जे बोलू ते बोलू, पण मायबाप सरकारनं आणि साखर कारखान्यांनी या बायकांच्या पहिल्या सहा आठवड्यांचा हिशेब मांडायला हवा. तिथे तर वहीच उघडलेली नाही.

आमची वही बेचाळिसाव्या दिवशी बंद झाली. लेक सासरी जायला निघाली, तेव्हा पत्नीनं ती तिच्या सामानात घातली. मी ती जुनी तारही काढून ठेवली होती, नातीला पुढे दाखवायला म्हणून द्यावी की काय, अशा विचारात होतो. मग राहू दिली. तिच्यात खोटं काही नव्हतं. ज्या दुपारी ती लिहिली, त्या दुपारी दोघी सुखरूपच होत्या. पुढच्या आठ-नऊ रात्रींची तार कुणी केली नाही, आणि मीही विचारली नाही.

परवा माझ्या जुन्या सहकाऱ्याचा निरोप आला. नातू झालाय, दोघं सुखरूप. पूर्वी मी अभिनंदन कळवून मोकळा झालो असतो. या वेळी फोन केला. बाळाचं वजन किती, कुणासारखं दिसतं, हे तो न विचारताच सांगत होता. त्याचं सांगून संपेपर्यंत थांबलो आणि विचारलं, “सूनबाई काल रात्री किती झोपली?”

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, “थांब, विचारून सांगतो.”